एसर नायट्रो व्ही १५: पैसे ग्राफिक्स कार्डावरच घाला

नायट्रो व्ही १५ हा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा तर आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड वालाच. याच सिरीजमधला आरटीएक्स २०५० स्वस्त पडतो आणि स्टिकरवर दोन्हीकडे ‘आरटीएक्स’च दिसतं, पण २०५० ला व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी, ४०५० ला ६. नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचे बारकावे) ‘हाय’ केले की ४ जीबी भरतात आणि गेम अडखळायला लागतो. रॅम, एसएसडी पुढे वाढवता येते. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही.

लॅपटॉप हातात आला की टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जाऊन ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. ‘१ ऑफ २’ दिसलं तर रॅम सिंगल चॅनलवर चालतेय, म्हणजे प्रोसेसरपर्यंत डेटा दोनऐवजी एकाच वाटेने जातोय. व्हॅलोरंटसारख्या, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) घसरतात त्या यामुळेही. त्याच प्रकारची, तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची रॅमची दुसरी स्टिक टाका. अशा गेममध्ये याने चांगला फरक पडतो!

स्क्रीन १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी) असली तरी रंग फिके आहेत. फोटो-व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्यांनी वेगळा मॉनिटर धरूनच हिशेब करावा. बॅटरीवर गेमिंग विसरा. प्लग काढला की ग्राफिक्स चिपला मिळणारी पॉवर कमी होते. गादीवर ठेवून तर अजिबात खेळू नका, हवा आत घेणाऱ्या जाळ्या खालच्या बाजूला आहेत.