नवजात मेंदूच्या प्रतिमांचा लंडनमधील खुला संग्रह: एक अभिप्राय

किंग्ज कॉलेज लंडन, इम्पीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून उभारलेला ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ (कनेक्टोम म्हणजे मेंदूतील जोडण्यांचा नकाशा) हा संग्रह बालविकासाच्या प्रत्येक अभ्यासकाने वापरून पाहावा, असे माझे मत आहे. 2021 मधील तिसऱ्या आवृत्तीत 783 नवजात बाळांच्या एमआरआय प्रतिमा असून वापराच्या अटी मान्य केल्यावर त्या विनामूल्य मिळतात.

प्रतिमांचा दर्जा विलक्षण आहे. बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान नीट झाकून नैसर्गिक झोपेत हे स्कॅन केले गेले. तरीही झोपेतली हालचाल राहतेच, आणि ती दुरुस्त करण्यासाठी रचलेली गणिती पद्धत मला या प्रकल्पाची सर्वांत मोलाची देणगी वाटते. नवजात मेंदूत पाण्याचे प्रमाण जास्त आणि मज्जातंतूंवरील मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण अपुरे असल्याने प्रौढांच्या प्रतिमा तपासण्यासाठीची संगणकीय साधने येथे फसतात; म्हणून स्वतंत्र साधने पुरवली, हे योग्यच झाले.

प्रतिमांवरून बाळाच्या पुढील विकासाचे भाकीत करण्याबाबत मात्र सावध राहावे. अठराव्या महिन्याच्या सुमारास केलेल्या बेली चाचणीशी (लहान मुलांचे आकलन, भाषा आणि हालचाल जोखणारी चाचणी) प्रतिमा ताडून पाहता येतात, पण त्या वयात भाषा नुकतीच फुटत असते. अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये श्वेतद्रव्याची (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंची) गंभीर इजा दिसल्यास हालचालींतील अडचणींचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. आकलन आणि भाषेबाबत तेवढा भरवसा नाही, कारण घरातील बोलणे, पोषण आणि आईचे आरोग्य स्कॅनमध्ये उमटत नाही. संशोधनासाठी हा संग्रह उत्तम आहे. एखाद्या आईबापांना त्यांच्या बाळाचे भविष्य सांगण्यासाठी तो वापरू नये.