अंगावर पित्त उठलं तर आमसूल की कॅलामाइन? दोन्ही वापरून झाल्यावर

ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांना गांधी, म्हणजे कातडीवर उठणारे ते खाजरे फुगवटे, काय असतात ते सांगायला नको, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडे घरात यावर दोनच गोष्टी हाताशी असतात, डब्यातली आमसुलं आणि खाजेवर लावायच्या त्या गुलाबी कॅलामाइन लोशनची बाटली. मला मे महिन्यात आणि परत ऑक्टोबर हीटमध्ये हा त्रास होतोच होतो, त्यामुळे दोन्ही भरपूर वापरून झालंय आणि आता मी बऱ्यापैकी एकाच बाजूला झुकलोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. दोन्हीपैकी कशानेच पित्त बरं होत नाही, फक्त खाज सुसह्य होते. आपण म्हणतो पित्त, पण त्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो, त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात म्हणून गांधी उठतात. मला वाटतं अ‍ॅसिडिटीलाही आपण पित्तच म्हणतो आणि त्यावर कोकम सरबत पितो, म्हणून मग अंगावरच्या पित्तालाही आमसूल लावायचं असं आलं असावं. खरं काम करते ती अँटीहिस्टामिनची गोळी, सेट्रिझिन वगैरे, डॉक्टरांना विचारून घ्यायची. पण ती घेतल्यावर गुण यायला साधारण तासभर जातो आणि तेवढ्या वेळात माणूस स्वतःला ओरबाडून काढतो. प्रश्न त्या मधल्या वेळाचा आहे.

आमसुलाच्या बाजूने बोलायचं तर ते घरात असतंच, आमच्याकडे दरवर्षी गावाहून येतं, नाहीतर दादरला मिळतं. पाच-सहा आमसुलं वाटीभर पाण्यात भिजवायची, पाणी लालसर झालं की ते अंगाला लावायचं. लावल्या लावल्या जो गारवा मिळतो तो कॅलामाइनपेक्षा पटकन मिळतो, हे मी अगदी मान्य करतो. आणि आईचा हात फिरतो त्याचंही काहीतरी असतंच. फक्त आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, लावू नका, एकदा भिजवायचा कंटाळा म्हणून मी बाटलीतलं आगळच लावलं, त्यात मीठ असतं भरपूर, ओरखडलेल्या जागी असं झोंबलं की डोळ्यात पाणी आलं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पित्त उठलं. परळची आमची वन रूम किचन, लाइट लावला की सगळे उठणार, त्यामुळे आई अंधारातच वाटी घेऊन बसली आणि तिने डाव्या हाताला आमसूल चोळलं, उजव्या हाताला मी कापसाने कॅलामाइन टिपून टिपून लावलं. डावा हात लगेच गार पडला. पण दहाएक मिनिटांत पाणी सुकलं, वर घाम, हात चिकट चिकट व्हायला लागला आणि खाज परत आली. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर ज्या दिशेने चोळलं होतं त्याच दिशेने नवीन गांधींची एक लांब रेघ उठली होती, बोट ओढावं तशी. उजव्या हाताला पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही, पण लोशन सुकत गेलं तसा गारवा येत गेला, आणि त्या कुशीवर मला झोप लागली.

माझं मत तिथे फिरलं. पित्त उठलेली कातडी घासली, दाबली की आणखी उठते, निदान माझी तरी. ऑफिसला जाताना लोकलमध्ये सॅकच्या पट्ट्याखाली, पॅन्टच्या इलॅस्टिकखाली नेमक्या पट्ट्याच उठतात त्याही याचमुळे. आणि आमसुलाचं पाणी आपल्याकडे नुसतं लावत नाहीत, चोळतातच, आमसूलच धरून घासतात. म्हणजे दोष आमसुलाचा नाही कदाचित, पद्धतीचा आहे, पण खाज सुटलेली असताना चोळायचं नाही हे ना लावणाऱ्याला जमत ना लावून घेणाऱ्याला. कॅलामाइन चोळता येतच नाही, चोळलं तर गुठळ्या होतात, त्यामुळे ते आपोआप टिपून लागतं.

कॅलामाइनच्या कटकटी आहेतच. बाटली नीट हलवली नाही तर वरचं नुसतं पाणी येतं आणि झिंक ऑक्साइड सगळं तळाला बसलेलं असतं. सुकल्यावर गुलाबी भुकटी पडते, काळ्या शर्टवर तर लगेच दिसते, म्हणून ऑफिसच्या आधी मी लावत नाही, साध्या गार पाण्याचा ओला रुमाल ठेवतो. हातावर केस असतील तर पापुद्रे धरतात. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली तर जास्त बरं वाटतं, पण थंडीनेच ज्यांना पित्त उठतं त्यांनी हे करू नये. आणि घेताना लेबल वाचा, काहींमध्ये कॅलामाइनबरोबर डायफेनहायड्रामिन हे अँटीहिस्टामिन पण असतं, लहान मुलाला लावायचं असेल तर ते विचारूनच. आमसुलाचे डागही काही कमी नाहीत म्हणा, आमच्या एका पांढऱ्या चादरीवर ते जांभळट ठिपके अजून आहेत.

ओठ, जीभ, डोळे सुजायला लागले, आवाज बसला किंवा श्वास जड झाला तर यातलं काहीही लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. दुसरं म्हणजे एखाद्या गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवा. पित्ताची गांधी साधारण 24 तासांच्या आत त्या जागेवरून जाते, दुसरीकडे नवीन उठते. तीच गांधी तिथेच दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा हे सगळं 6 आठवड्यांच्या वर चाललं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

तुम्हाला आमसुलाने बरं वाटत असेल तर सोडा असं मी म्हणणार नाही, माझी कातडी वेगळी, तुमची वेगळी. पण पहिल्यांदाच ठरवत असाल, त्यात मुंबईचा घाम, तर मी कॅलामाइनच घरात आणून ठेवेन. आई अजूनही आधी वाटीत आमसुलंच टाकते. मी ते पाणी कापसाने टिपून घेतो, चोळू देत नाही, आणि ते सुकलं की फ्रिजमधली बाटली काढतो.