पाण्यातलं बाळंतपण: आठ महिन्यांनंतर लिहितेय

मुलगा परवा आठ महिन्यांचा झाला. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, इथेच नाशिकला, गंगापूर रोडकडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात, टबात झाला. तेव्हाच लिहिलं असतं तर सगळं गोडच लिहिलं गेलं असतं. आता टाके, दूध, रात्रीची जागरणं सगळं अनुभवून झालंय, म्हणून लिहायला बसले.

माझं हे दुसरं बाळंतपण. थोरली पाच वर्षांची आहे. तिच्या वेळी वेगळ्या दवाखान्यात होते. कळा वाढवायला सलाइनमधून औषध, पाय वर अडकवलेले, तासन् तास उताणं. कुशीवर वळू का विचारलं तर "हलायचं नाही". लेक सुखरूप हाती आली, ते मी विसरत नाही. पण बाळाची वाट मोठी करायला खाली घेतलेल्या छेदाचे टाके दीड महिना दुखले, आणि त्या टेबलाची आठवण त्याहून कितीतरी जास्त दिवस छळत राहिली. पुन्हा दिवस गेले तेव्हा मनात एकच होतं, या वेळी मला हलता आलं पाहिजे. पाण्याचा विचार तिथून आला.

सातव्या महिन्याच्या तपासणीला सासूबाई बरोबर होत्या. त्या निफाडच्या. त्यांनी डॉक्टर मॅडमना थेट विचारलं, "अहो, पण बाळ पाण्यात गुदमरणार नाही का?" मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं. पोटातही बाळ पाण्यातच असतं, त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. तोंडाला हवा लागली, गारवा लागला की ते पहिला श्वास घेतं. म्हणून पाणी अंगाच्या उबेइतकं, ३६ ते ३७ अंश ठेवायचं, आणि बाळाचं डोकं एकदा पाण्यावर आलं की पुन्हा खाली जाऊ द्यायचं नाही. फार कढतही चालत नाही, आईचं अंग तापलं की बाळाचे ठोके वाढतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सगळं पाण्याच्या मापावर आहे तर." खरंच तसं आहे.

मॅडमनी दुसरी बाजूही झाकली नाही. कळा सोसताना पाण्यात बसल्याने कळांचं दुखणं बधिर करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची गरज कमी पडते, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात आलंय. प्रत्यक्ष जन्म पाण्यात होण्याबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की कळांसाठी पाणी देता येईल, जन्म मात्र बाहेर व्हावा. ब्रिटनमध्ये निरोगी बाईला दोन्हींची मुभा देतात. मिशेल ओदाँ या फ्रेंच डॉक्टरांनी पिथिविये गावच्या दवाखान्यात टब आणला तोही कळा सुसह्य व्हाव्यात म्हणूनच. काही बायकांना बाहेर यावंसंच वाटलं नाही आणि बाळं पाण्यात झाली. त्यांनी ते १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. हे सगळं ऐकून मी कळांसाठी टब घ्यायचं नक्की केलं आणि जन्माचं त्या वेळी बघू म्हटलं. मॅडमची अट एकच होती: "मी बाहेर या म्हटलं की का विचारायचं नाही, उठायचं."

टब सगळ्यांना मिळत नाही. एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, बीपी ठीक, ताप नाही, आधी सिझर नाही, असं सगळं जुळावं लागलं. पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट आलं असतं, म्हणजे बाळाने पोटात शी केली असती, तर टब तिथेच रद्द होता.

त्या रात्री थंडी अशी होती की निफाडला सासरे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागे होते. आम्ही अकराला पोहोचलो. कळा पाच-पाच मिनिटांवर होत्या, तरी टबात लगेच घेतलं नाही. लवकर बसलं तर कळा मंदावू शकतात. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत मी भिंतीला हात लावून उभी राहिले, येरझाऱ्या घातल्या. दोनच्या सुमाराला पाण्यात उतरले.

दुखणं थांबत नाही. थांबेल या आशेने कुणी जाऊ नये. कळ आली की ती तेवढीच जोरात येते. फरक पडतो तो दोन कळांच्या मधे. पाणी छातीपर्यंत असतं, पोटाचा भार उरत नाही, कंबर सुटते. मी गुडघ्यांवर बसून हात टबाच्या काठावर टाकले होते आणि त्या दोन-तीन मिनिटांत चक्क डुलकी लागत होती. थोरलीच्या वेळी असं एक मिनिटही मिळालं नव्हतं.

साडेतीनला पाणी गार पडायला लागलं. त्या थंडीत एक गिझर कसा पुरणार? सिस्टरने थर्मामीटर काढून बघितला, ३४. ह्यांनी आणि मावशींनी खालच्या स्वयंपाकघरातून पातेल्यात तापवलेलं पाणी जिन्यावरून आणलं. मला तेवढा वेळ बाहेर काढून ब्लँकेटमध्ये बसवलं. ती वीस मिनिटं सगळ्यात कठीण गेली. तक्रार म्हणाल तर ही आहे, गरम पाण्याची सोय दुप्पट हवी होती. पण सिस्टरने "चालेल" म्हणून निभावून नेलं नाही, याचा मला आजही आधार वाटतो.

पुन्हा आत गेल्यावर सिस्टर पाण्यात चालणाऱ्या डॉप्लरने, म्हणजे पोटावर धरायच्या छोट्या यंत्राने, दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकत होती, शेवटी दर पाच मिनिटांनी. जोर लावताना शी होते का, हे विचारायला लाजतात म्हणून सांगते. होते. सिस्टरच्या हातात छोटी जाळी होती, तिने काहीही न बोलता काढून टाकली.

पहाटे सव्वापाचला मॅडम म्हणाल्या, "हात खाली ने." बोटांना केस लागले. पाण्यात हलणारे, मऊ, शेवाळासारखे. पुढच्या कळेत खांदे आले आणि मॅडमनी त्याला माझ्या हातात दिलं, अगदी सावकाश, कारण नाळ आखूड असली तर झटक्याने ताणून तुटू शकते. छातीशी आला तेव्हा जांभळट, गप्प, डोळे उघडे. दोन-तीन क्षण कुणीच काही बोललं नाही. मग तो शिंकला आणि रडला. पाणी एवढं लाल झालं की हे घाबरले, पण पाण्यात थोडं रक्तही फार दिसतं. नेमकं किती गेलं ते मोजता यावं म्हणून वार पडायच्या आधी मला खाटेवर घेतलं.

आता आठ महिन्यांचं. छेद घेतला नाही, तरी फाटलं आणि दोन टाके पडले. पाण्यात फाटत नाही असं ऐकलं होतं, तसं काही नाही. पण दहाव्या दिवशी मी मांडी घालून बसले. दूध तिसऱ्या दिवशीच उतरलं, थोरलीसारखंच. पाण्यात जन्मलेलं बाळ शांत असतं म्हणतात, आमचा पहिले तीन महिने रात्री दोनला नेमाने रडायचा आणि अंघोळीलाही भोकाड पसरायचा. माझ्यात मात्र बदल झाला. थोरलीनंतर मी महिनोन् महिने दचकून उठायचे. या वेळी ती पहाट आठवली की परत आठवावीशी वाटते.

टबाचे पैसे वेगळे लागले आणि विम्यात बसले नाहीत. बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो बघू नका. पाणी कुठून येतं, टब आधीपासून भरून ठेवतात का, प्रत्येकीला नवं प्लास्टिकचं अस्तर घालतात का, हे विचारा. कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ठोके कोण ऐकणार, किती वेळाने ऐकणार, आणि सिझरची वेळ आली तर थिएटर त्याच इमारतीत आहे का, तेही विचारा.

माझ्या जावेला आता सातवा लागलाय. तिचं बीपी वाढतंय, त्यामुळे तिला टबाचं सुचवलं नाही. "कळा येताना उभं राहू देतात का, कुशीवर वळू देतात का, तेवढं आत्ताच विचारून ठेव," एवढंच तिला सांगितलं. सोमवारी तपासणीला मी तिच्याबरोबर जातेय.