व्हेगन चीज आणि हिस्टामिन: काही महिने वापरल्यावर

मुरलेलं चेडार किंवा पार्मेझान पोटात गेलं की तासाभरात माझे कान लाल होतात, नाक चोंदतं, डोकं धरतं. आतड्यातलं डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) कमी पडलं की खाण्यातलं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, नीट मोडत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. चीज बंद झालं आणि मी व्हेगन, म्हणजे दुधाशिवाय केलेल्या, चीजकडे वळले. पण दूध नाही म्हणजे त्रास नाही, या हिशोबाने कुणी घेणार असेल तर जरा थांबा.

हिस्टामिन बनवतात ते काही जिवाणू, प्रथिनांतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून. ती प्रथिनं दुधाची, सोयाची की काजूची, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मुरायला वेळ मिळाला की झालं. आणि एकदा तयार झालं की ते शिजवूनही जात नाही, त्यामुळे पिझ्झावर वितळवलं म्हणून सुटका नाही.

नारळाचं तेल आणि स्टार्च यांचा ब्लॉक मला एकदाही बाधला नाही. त्यात प्रथिनं जवळपास नसतात आणि मुरवणं तर नाहीच. चव मात्र बेताची. थंड खाल्लं तर मेणासारखं टाळूला चिकटतं. उघड्या तव्यावर आधी तेल सुटतं, तुकडा तसाच राहतो. बारीक किसून, झाकण ठेवून मंद आचेवर वितळवा, मग सँडविचमध्ये चालून जातं. कॅल्शियम कंपनीने वरून घातलं असेल तरच.

काजूचं, विरजण लावून मुरवलेलं चीज चवीला फार सरस! आंबूस, खमंग, वर पातळ साय धरलेलं. ताजा डबा उघडून थोडं खाल्लं तेव्हा काही झालं नाही. तोच डबा फ्रिजमध्ये आठवडाभर राहिल्यावर खाल्ला आणि कान तापले. पाकिटावर हिस्टामिनचा आकडा नसतोच, म्हणून कंपनीला मेल केला. उत्तर आलं, 'आमचं उत्पादन लॅक्टोज-फ्री आहे.' लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, हिस्टामिनशी तिचा संबंधच नाही. बरं!

आता मी घटकांच्या यादीत कल्चर्स (विरजणाचे जिवाणू), मिसो (आंबवलेल्या सोयाची पेस्ट), यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टचा अर्क) दिसलं की पाकीट परत ठेवते. तुम्ही व्हेगन नसाल आणि अडचण फक्त हिस्टामिनची असेल, तर दूध फाडून घरी केलेलं पनीर त्याच दिवशी खा, स्वस्तही पडतं.

नारळवाल्याला पाचपैकी तीन. काजूवाल्याला चवीचे साडेचार, पण माझ्या फ्रिजमध्ये तो डबा पुन्हा येणार नाही.