रीलमधली पांढरी स्विफ्ट

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या २०१६ च्या डिझेल स्विफ्टला परफॉर्मन्स एअर इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारं वेगळं किट, बसवून घेतलं. कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा), ॲल्युमिनियमचा पाइप, सिलिकॉनचे होज, फिटिंग, सगळं मिळून १८,५०० रुपये. मे महिन्यात त्याच गाडीच्या टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यावर, ३१,००० रुपये गेले. किट बसवणारं दुकान अजून चालू आहे. शनिवार-रविवारी तिथे विशी-पंचविशीतली पोरं रांग लावून उभी असतात, पहिल्या पगारातून पैसे साठवून आलेली. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मी वाईचा, नोकरी पुण्यात. सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री परत. परतीला खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. १.३ लिटरचं हे इंजिन ७५ पीएस आणि १९० एनएमचं. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पूर्ण येतो २,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे). त्याखाली गाडी मरगळलेली असते. घाटात ट्रकच्या मागे वेग पडला की दुसरा गिअर टाकून पुन्हा जोर धरायचा. ही या गाडीची जुनी खोड, आणि तिच्यावर इलाज हवा होता.

दुकानात गेलो तेव्हा मालकाने चकचकीत खोका समोर ठेवला. परदेशातल्या नावाजलेल्या ब्रँडचं नाव, होलोग्राम, सगळं. मग मोबाइलवर डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, आलेख दाखवला. "दादा, पंधरा बीएचपी फिक्स. घाटात गिअर पाडायचं विसरा." आलेखावरची लाल रेघ निळ्या रेघेच्या बरीच वर होती आणि मी तेवढंच पाहिलं. खालच्या पट्टीवर आकडे होते ७,००० आरपीएमपर्यंत. माझ्या गाडीची सुई ५,००० च्या पुढे गेली की लाल पट्ट्यात शिरते. तो कागद कुठल्यातरी पेट्रोल गाडीचा होता, डिझेलचा असूच शकत नव्हता. हे मला कळलं ते जूनमध्ये, दुकानदाराने पाठवलेला तोच फोटो पुन्हा उघडून पाहिला तेव्हा.

थोडं तंत्र सांगतो, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणून इंजिनला थंड हवा मिळाली तर फायदा होतो. हे खरंच आहे. साधारण ३ अंशांनी तापमान बदललं की हवेची घनता सुमारे एक टक्क्याने बदलते. पण बहुतेक गाड्यांत कंपनीचा फिल्टरचा डबा मुळातच पुढच्या जाळीजवळून, बाहेरची हवा घेतो. तो काढून उघडा कोन फिल्टर इंजिनशेजारी बसवला, मध्ये उष्णता अडवणारा पत्राही लावला नाही, तर गाडी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. बाहेर ३५ अंश आणि आत ६५ असतील तर घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. माझ्या किटमध्ये पत्रा होता. "तो लावला तर बॅटरीला घासतो" म्हणून दुकानातल्या पोराने तो लावलाच नाही.

बिल मागितलं. "बिल हवं तर जीएसटी वर लागेल, कशाला उगाच?" मी गप्प बसलो, ही माझी चूक. पैसे यूपीआयने दिले ते दुकानाच्या खात्यावर गेले नाहीत, कुणा माणसाच्या वैयक्तिक नंबरवर गेले. गाडीतून निघालेला मूळ डबा मागितला तर "तो ठेवून काय करणार, अडगळच होते" असं म्हणत आत नेला. शेवटी बॉनेट उघडं ठेवून, माझ्याकडून रेस देऊन घेऊन, त्यांनी गाडीची रील काढली.

पहिले आठ-दहा दिवस गाडी खरोखर चपळ वाटली. टर्बो हवा ओढतानाची शीळ आता केबिनमध्ये ऐकू यायची. कानाला वेग जाणवला की पायालाही जाणवतो, यात माझ्यासारखे पुष्कळ जण गुंततात. घाटात मात्र गिअर पाडावाच लागत होता.

एप्रिलच्या मध्यावर गाडीचा जोर उतरला. पूर्वी तिसऱ्यात निघणारा चढ आता दुसऱ्यातही नकोसा झाला. मग चेक इंजिनचा दिवा लागला, आणि मे उजाडता उजाडता बॉनेटखालून ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा बारीक आवाज यायला लागला. वाईतल्या आमच्या अण्णांच्या गॅरेजला नेली. वडिलांच्या फियाटपासून आमच्या गाड्या त्यांच्याकडेच असतात.

अण्णांनी स्कॅनर लावायच्या आधी पाइपावर हात फिरवला. टर्बोच्या तोंडाजवळची क्लिप सैल करून होज मागे सरकवला, तर खाली काळी इन्सुलेशन टेप. पाच-सहा वेढे, उन्हाने आणि इंजिनच्या धगीने पाघळून डिंकासारखी झालेली. पाइप टर्बोच्या तोंडापेक्षा मोठ्या मापाचा होता. फट बुजवायला टेप गुंडाळून वरून क्लिप आवळली होती. टेप वितळली तशी फट उघडी पडली. अण्णांनी माझं बोट पाइपात घालायला लावलं. बाहेर आलं ते पांढुरक्या, पिठासारख्या धुळीने माखून. शिरवळच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं, तिथली असणार. मग त्यांनी फिल्टर हातात घेऊन पिळला. कापडाच्या घड्या बुडाच्या रबरातून सुटल्या होत्या. माझी करंगळी आरपार गेली.

अण्णा एवढंच म्हणाले, "बाळा, तुझी गाडी तीन महिने गाळणीशिवाय चहा पितीय."

जोर का गेला, तेही त्यांनी समजावलं. फिल्टरनंतर पाइपात एक सेन्सर असतो, इंजिनात जाणारी हवा मोजणारा, मेकॅनिक त्याला मॅफ म्हणतात. त्याच्या पुढे, टर्बोच्या बाजूला, फट असली की तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आहे. मग काळा धूर होऊ नये म्हणून तो डिझेलही कमी सोडतो. त्यात सेन्सर बसतो ती नळी मूळ मापाची नसेल तर आकडा आणखी चुकतो. शिवाय तेलकट फिल्टरचं जादा तेल उडून सेन्सरवर बसलेलं होतं. धुळीचं काम वेगळंच चालू होतं: टर्बोची पाती मिनिटाला लाखांच्या घरात फेरे घेतात, तिथे बारीक वाळू पॉलिश पेपरसारखी चालते. पातीच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. टर्बोचं आतलं कार्ट्रिज बदललं, सेन्सर साफ केला. भंगार बाजारातून मूळ डबा १,८०० रुपयांना शोधून आणला आणि त्यात कागदी फिल्टर घातला. सिलेंडरची किती घासणी झाली ते अजून सांगता येत नाही. इंजिन ऑइलची पातळी मी दर पंधरा दिवसांनी बघतो.

दुकानात गेलो तर मालकाचा सूर पालटलेला. "हा माल आमचा नाहीच. बिल आहे का?" खोका दाखवला तर म्हणाला, "असे खोके बाजारात ढिगाने मिळतात." त्याचं ते वाक्य खरं आहे, म्हणूनच आता मी खोक्यावर विश्वास ठेवत नाही.

तुम्हाला इनटेक बसवायचंच असेल तर आधी विचारा, हे किट नेमकं तुमच्या मॉडेलचं आणि इंजिनचं आहे का. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं उत्तर आलं तर उठा. मॅफची नळी मूळ मापाची आहे का, ते मोजून घ्या. फिल्टर आयएसओ ५०११ प्रमाणे तपासलेला आहे का, ते विचारा; ही फिल्टर किती धूळ अडवतो ते तपासण्याची मानक पद्धत आहे. फिटिंग होताना शेजारी उभे राहा आणि कुठेही टेप निघाली तर काम थांबवा. मूळ डबा घरी न्या. पाइप बंपरच्या मागे खाली उतरवणारी किटं आपल्या पावसात फार धोक्याची. साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडला की पाणी थेट सिलेंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तर दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल नाही, पण व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला भाव आणि तो आलेख आहे, यूपीआयची नोंद आहे, अण्णांच्या गॅरेजचं बिल आहे. आणि ती टेप मी पाइपासकट पिशवीत जपून ठेवली आहे.

ती रील त्यांनी अजून काढलेली नाही. 'स्टेज वन, प्लस १५ बीएचपी' असं लिहिलंय आणि खाली पोरं किंमत विचारतायत. तुम्हीही ती पाहून निघाला असाल तर थांबा. बॉनेट उघडं असलेली ती पांढरी स्विफ्ट माझी आहे.