बसस्टँडमागचं कृषी केंद्र : बियाण्याले एक स्टार, नोटीस फुकट

पहिला रिव्ह्यू टाकला तं मालकानं वकिलाची नोटीस धाडली. रिव्ह्यू काढा, माफी मांगा, नाई तं पाच लाखाचा अब्रुनुकसानीचा दावा टाकतो म्हणे. काढला नाई, आता सविस्तरच लिहितो.

सोयाबीनच्या बॅगा इथूनच नेल्या, पाऊस चांगला शंभर मिलिमीटर झाल्यावर पेरलं तरी पेरलेल्या ओळीत नांग्याच नांग्या, मधी मधी उगवलंच नाई. उरलेल्यातले शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले, निम्मेबी कोंबारले नाई आन् टॅगवर ७० टक्के उगवण छापेल हाय. दुकानात गेलो तं म्हणे तुमी खोल पेरलं असन. बिलावर लॉट नंबर, म्हंजे बियाणं कोणत्या खेपेचं तो नंबर, टाका म्हटलं होतं तवाच तोंड वाकडं केलं होतं, गर्दीत कुठं टाकत बसू म्हणे, मी टाकल्याशिवाय हाललो नाई म्हणून बरं.

एवढंच लिहिलं होतं राजेहो, शिवी नाई की घरच्यायवर बोलणं नाई.

नोटीस आल्यावर गावात सुरू, आता पोलीस उचलते. वकीलसाहेबायले दाखवली तं ते हसले. बदनामीच्या गुन्ह्याले पयले भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३५६ हाय, दोन वर्षापर्यंत साधी कैद, पण गुन्हा अदखलपात्र, ठाणेदार वॉरंटशिवाय हात लावत नाई, दुकानदारालेच मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार करा लागते. आन् त्याच कलमात अपवाद हायेत, खरी गोष्ट लोकाच्या भल्यासाठी सांगितली तं बदनामी नाई, चांगल्या हेतूनं दुसऱ्याले सावध केलं तरी नाई. फक्त खरं हाय हे दाखवा लागते, म्हणून बिल, टॅग, रिकामी बॅग सांभाळा, पोतं धुवून वापरायची घाई करू नका.

दुकानदाराची अब्रू हायच ना, बाजूच्या दुकानवाल्यानं खोटे रिव्ह्यू टाकले तं त्याचा सीझन गेला. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुब्रमण्यम स्वामींच्या केसमध्ये हेच धरून कलम कायम ठेवलं, अब्रू बी जगण्याच्या हक्कात येते म्हणून, आन् घटनेत १९(२) मध्ये बोलण्यावर हे बंधन लिहिलेलंच हाय. तरी मले वाटते नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा पुरे, त्याले वर्षभराची मुदत असते, तुरुंग कायले पायजे? त्या धाकानंच माह्या शेजाऱ्यानं याच लॉटचं बियाणं पेरून चूप बसणं पसंत केलं.

नोटिशीले दोन पानी उत्तर धाडलं, बिलाची झेरॉक्स जोडून. तवापासून तिकडून काही नाई.

बाकी दुकान पहाटे उघडते, औषधाचं प्रमाण पोरगा नीट समजावून सांगते, ते खोटं नाई सांगत. बियाणं मात्र इथून घेऊ नका, घेतलंच तं लॉट नंबरचं पक्कं बिल घ्या. नाई उगवलं तं तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं लेखी अर्ज द्या, पंचनामा होईलोक मोडून दुबार पेरू नका. ग्राहक आयोगात बी जाता येते, २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं शेतकऱ्यायच्या बाजूनं तसं सांगितलं हाय.

माह्या वावराचा पंचनामा झाला, रिपोर्ट यायचा हाय. आला की इथंच टाकतो, दुकानदाराच्या बाजूनं आला तरी टाकतो, स्टारचं तवा पाहू.