कादंबरीतलं वाक्य खरंच तिथलं आहे का? पडताळणीच्या मोफत सेवांचं परीक्षण

बँक ऑफ इंग्लंडने २०१७ मध्ये जेन ऑस्टिनचं चित्र असलेली दहा पौंडांची नोट काढली. चित्राखाली एक वाक्य आहे: वाचनासारखा आनंद दुसरा नाही, अशा अर्थाचं. वाक्य अस्सल आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या ११व्या प्रकरणात ते शब्दशः सापडतं. पण ते बोलते कॅरोलाइन बिंगली हे कादंबरीतलं पात्र, आणि तिला वाचनात काडीचा रस नाही. नायक डार्सी वाचतोय त्याच ग्रंथाचा दुसरा खंड, एवढ्याच कारणाने तिने ते पुस्तक उचललेलं आहे. त्यात मन रमेना, म्हणून ती मोठी जांभई देते आणि मग हे वाक्य बोलते. लेखिकेचं मत म्हणून ते छापलं, तर शब्द आणि पान बरोबर असूनही अवतरण चुकतं.

म्हणून कादंबरीतली अवतरणं पडताळणाऱ्या सेवांना इथे तीन प्रश्न लावले आहेत. शब्द सापडतात का? त्यांच्या मागची-पुढची दोन-दोन पानं दिसतात का, म्हणजे बोलणारं पात्र कळेल? आणि समोरचा मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे, हे समजतं का? तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाचा निकाल आधीच देऊन टाकू. तिथली अवतरणं वाचकांनी भरलेली असतात. प्रकरण किंवा पान देण्याची सक्ती नाही आणि आवडीच्या आकड्यावरून क्रम लागतो. हजारो लोकांना वाक्य आवडलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ‘हे वाक्य कोणाच्या नावावर फिरतंय’ ते पाहायला ती जागा ठीक आहे. पुरावा म्हणून शून्य.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह १९७१ पासून चालू आहे आणि त्यावर ७० हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेल्या कादंबरीसाठी इथला मजकूर वापरायला सगळ्यात सोपा, कारण तो माणसांनी तपासलेला आहे आणि यंत्रवाचनाच्या (स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं संगणकाने ओळखण्याच्या) चुका त्यात फार कमी राहतात. मात्र संकेतस्थळावरचा शोध फक्त पुस्तकाचं नाव, लेखक अशा नोंदींत शोधतो, पुस्तकाच्या आत शिरत नाही. तेव्हा पुस्तक उतरवून घ्यायचं आणि आपल्या संगणकावर शोधायचं.

अडतं ते इथे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दर ७० अक्षरांच्या आसपास ओळ तोडलेली असते. सहा शब्दांचं वाक्य दोन ओळींवर पसरलं असेल, तर मजकूर उघडणारे बरेच प्रोग्रॅम (टेक्स्ट एडिटर) ते शोधून देत नाहीत आणि माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. उपाय सोपा आहे: एचटीएमएल (वेबपानाच्या रूपातली) प्रत ब्राउझरमध्ये उघडून शोधा, तिथे ओळी वाहत्या असतात. दुसरी अडचण तिरप्या अक्षरांची. साध्या फाइलमध्ये तिरप्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा घातलेली असते, त्यामुळे शब्दसमूह मध्येच तुटतो. तिसरी अडचण अपॉस्ट्रॉफीची. काही फायलींत ती सरळ असते, काहींत वळणदार. ज्या शब्दात ती आहे तो शब्दच शोधातून वगळावा.

गुटेनबर्गची खरी उणीव वेगळी आहे. जुन्या फायलींवर मूळ प्रत कोणती, ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं आणि साध्या फाइलमध्ये पृष्ठांकही नसतात. ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ घ्या. १८९० मध्ये मासिकात आलेली कादंबरी १३ प्रकरणांची होती, १८९१ च्या पुस्तकात २० प्रकरणं आहेत. मजकूर वाढला, काही वाक्यं बदलली, आणि हमखास उद्धृत होणारी सूत्रमय प्रस्तावना मासिकातल्या रूपात नव्हतीच. ‘प्रकरण १०’ असं नुसतं लिहिलं तर कोणतं दहावं? डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चं शेवटचं वाक्य १८६१ च्या पहिल्या पुस्तकरूपात एका तऱ्हेने आहे आणि नंतरच्या आवृत्त्यांत दुसऱ्या. दोन्ही अस्सल आहेत, दोघांचा अर्थही थोडा वेगळा लागतो. गुटेनबर्गवर वाक्य सापडलं की काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं स्कॅनवर करायचं.

त्यासाठी इंटरनेट अर्काइव्ह हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा डिजिटल संग्रह. या परीक्षणात पहिली पसंती त्यालाच आहे. कारण साधं आहे: शोध लागला की त्याच खिडकीत छापील पान उघडतं आणि मागे-पुढे उलटता येतं. पात्र कोण, ते उपरोधाने बोलतंय का, समोरच्याने काय उत्तर दिलं, हे सगळं दोन मिनिटांत कळतं. मुख्य शोधपट्टीत नोंदींऐवजी मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडताच ‘इथे काही नाही’ असं ठरवणारे पुष्कळ. एखादं पुस्तक उघडल्यावर त्याच्या आतला शोध वेगळा असतो.

यंत्रवाचनाच्या चुकांचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. फिकट छपाईत ‘एच’ हे रोमन अक्षर ‘एल’ आणि ‘आय’ अशा जोडीसारखं वाचलं जातं. ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की त्यांचा ‘एम’ होतो. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. ओळीच्या शेवटी संयोगचिन्हाने तोडलेला शब्द दोन तुकड्यांत राहतो. पान बदलतं तिथे पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव थेट वाक्यात घुसतं. त्यामुळे पूर्ण वाक्य कधीच शोधू नये. वाक्यातून चार ते सहा सलग शब्दांचा तुकडा घ्यावा, त्यात एखादा नेहमी न भेटणारा शब्द असावा, विशेषनाम आणि विरामचिन्ह टाळावं. नाही मिळाला तर वाक्याच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा घ्यावा. तीन वेगवेगळे तुकडे, दोन वेगवेगळ्या स्कॅन प्रतींवर: एवढं झाल्याशिवाय ‘सापडलं नाही’ हा शब्द वापरू नये.

अर्काइव्हची नोंद डोळे झाकून मानू नये. पुस्तकं अनेकांनी चढवलेली असतात, साल चुकलेलं असतं, कधी पुनर्मुद्रणाला पहिल्या आवृत्तीचं साल चिकटवलेलं असतं. शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू स्वतः पाहायची, साल तिथून उतरवायचं. प्रताधिकारातली पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळतात. पण प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात २०२३ मध्ये आणि अपिलात २०२४ मध्ये अर्काइव्हच्या विरुद्ध निकाल लागला, आणि पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कादंबऱ्यांसाठी ही सेवा पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही, याची हळहळ वाटते.

ती पोकळी हाथीट्रस्ट थोडी भरून काढतो. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून २००८ मध्ये उभारलेल्या या संग्रहात १.७ कोटींहून जास्त खंड आहेत. प्रताधिकारातलं पुस्तक तो दाखवत नाही, पण त्यात शोधू देतो आणि कोणत्या पृष्ठांवर शब्द आले ते सांगतो. मजकुराचा एक शब्दही दिसत नाही, फक्त पृष्ठांक. अपुरं वाटेल, पण पडताळणी करणाऱ्याला हे सोनं आहे: पृष्ठांक टिपायचा, ग्रंथालयातून तीच आवृत्ती मागवायची आणि नेमकं तेच पान उघडायचं. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकायला विसरू नका, नाहीतर सुटे शब्द असलेली पन्नास पानं समोर येतील. ग्रंथालयांनी केलेल्या नोंदी असल्यामुळे आवृत्ती, खंड, प्रकाशक यांचा तपशील इथे सगळ्यात नेटका. उणीव अशी की प्रताधिकाराचा हिशेब देशागणिक बदलतो. अमेरिकेत उघडणारा खंड बाहेरून पाहणाऱ्याला बंद दिसू शकतो.

गुगल बुक्सबद्दल गैरसमज फार आहेत. २००४ पासूनचा हा संग्रह प्रचंड आहे, शोध झटपट लागतो, आणि त्यामुळेच तो शेवटचा शब्द मानला जातो. तसा तो नाही. प्रताधिकारातल्या बहुसंख्य पुस्तकांची फक्त कात्रणं दिसतात: साधारण पानाच्या आठव्या भागाएवढं एक, आणि एका शोधाला एका पुस्तकातून जास्तीत जास्त तीन. या सेवेवरच्या खटल्याच्या २०१५ च्या अपील निकालात नोंद आहे की प्रत्येक पानावरचं एक कात्रण आणि दर दहा पानांमागे एक पूर्ण पान कायमचं झाकलेलं असतं. म्हणजे तुमचं वाक्य नेमकं झाकलेल्या जागी असू शकतं. इथे ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं कधीच धरू नये.

कात्रणात पात्राचं नावही बहुधा बसत नाही. संवादातली ओळ दिसते आणि ती नायकाची की खलनायकाची, ते कळत नाही. लेखकाच्या नावावर खपवलेली पात्रांची वाक्यं निपजण्याचं हे एक मोठं कारण आहे.

गुगल बुक्स खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते उलट्या कामाला: हे वाक्य या लेखकाच्या नावावर पहिल्यांदा कधी चढलं, ते शोधायला. लेखकाचं आडनाव आणि वाक्याचा तुकडा एकत्र टाकून जुन्यातून नव्याकडे यायचं. यात नियतकालिकांचं साल हमखास फसवतं, कारण बऱ्याचदा अंकाला त्याचं स्वतःचं साल न लागता नियतकालिक सुरू झालं ते साल लागलेलं असतं. त्यावर तोडगा आहे. त्याच खंडात नंतरच्या सालांचे आकडे शोधायचे. १९१० चा म्हणवणाऱ्या खंडात १९४७ वारंवार आलं, की नोंद खोटी.

विकीकोट आणि कोट इन्व्हेस्टिगेटर या दोघांचं काम वेगळं. विकीकोट या अवतरणांच्या खुल्या संग्रहात लेखकाच्या पानावर शंकास्पद आणि चुकीने चिकटलेल्या वाक्यांचे स्वतंत्र विभाग असतात. आधी तेच वाचावेत. प्रकरणाचा उल्लेख असेल तर तो धागा म्हणून घ्यावा आणि स्कॅनवर जावं. कोट इन्व्हेस्टिगेटर २०१० पासून एकेका वाक्याचा माग काढतो, जुने उल्लेख सालवार मांडतो आणि कुठे खात्री नाही तेही सांगतो. पद्धत शिकायची असेल तर त्यातले पाच-सात लेख ओळीने वाचावेत. पण जगातली सगळी वाक्यं तिथे नाहीत, आणि कादंबरीतल्या पात्रांच्या संवादांपेक्षा सुभाषितवजा वाक्यांवर तिथे जास्त भर आहे.

‘हे वाक्य या लेखकाने लिहिलेलंच नाही’ असं ठामपणे म्हणता येतं का? लेखन मोजकं आणि पूर्ण उपलब्ध असेल तर येतं. कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. ‘अगदी प्राथमिक, माझ्या प्रिय वॉटसन’ हे जगप्रसिद्ध वाक्य या ६० पैकी एकाही ठिकाणी त्या रूपात नाही. ‘द क्रुकेड मॅन’ या कथेत दोन्ही तुकडे जवळजवळ येतात, पण जोडून येत नाहीत. सगळे मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवून एकत्र शोध घेतला की काही सेकंदांत हे दिसतं. ज्या लेखकाचं निम्मं लेखन अजून प्रताधिकारात आहे, त्याच्याबद्दल मात्र ‘पाहिलेल्या अमुक पुस्तकांत नाही’ एवढंच लिहावं, आणि त्या पुस्तकांची नावं द्यावीत.

अनुवादित कादंबरीत शोधाची रीतच बदलते. ‘सौंदर्य जगाला वाचवेल’ हे दस्तयेवस्कीच्या नावावर चालतं. ‘द इडियट’मध्ये प्रिन्स मिश्किन ते आपल्यासमोर कधी बोलत नाही. तुम्ही असं म्हणाला होता हे खरं का, असं इपोलीत हे दुसरं पात्र त्याला विचारतं. म्हणजे ते एका पात्राने दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं, तेही प्रश्नरूपात. इंग्रजी अनुवादांत क्रियापद वेगवेगळं येतं, त्यामुळे ठरावीक शब्दसमूह शोधून हाती काही लागत नाही. ‘सौंदर्य’ आणि ‘जग’ हे दोन शब्द जवळपास कुठे येतात ते पाहावं, मग मूळ भाषेत तेच करावं. रशियनच्या जुन्या छपाईत ‘जग’ आणि ‘शांतता’ हे शब्द वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जात. १९१८ च्या लेखनसुधारणेनंतर दोन्ही सारखेच लिहिले जाऊ लागले. जुन्या स्कॅनमध्ये आजच्या लेखनाने शोधलं तर हाती शून्य. सापडल्यावर अनुवादकाचं नाव आणि अनुवादाचं साल नोंदवायलाच हवं.

देवनागरीत या सगळ्या सेवा एक पायरी खाली घसरतात. जोडाक्षरं, शिरोरेषा आणि वर-खाली लागणाऱ्या मात्रा यांमुळे यंत्रवाचन जास्त चुकतं, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ सहज होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बनवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतली अक्षरं युनिकोड (संगणकांवरची आजची सर्वमान्य अक्षरपद्धती) नसतात, त्यामुळे शोध रिकामा परततो. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर कारण हेच. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत ‘तें’, ‘करणें’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी शोधावं लागतं. मराठी अनुवादातून परत इंग्रजी करून मूळ शोधत असाल, तर क्रियापदं सोडून द्या आणि वस्तूंच्या, प्राण्यांच्या, शरीराच्या अवयवांच्या नावांवर भर ठेवा. अनुवादात टिकतात ती तीच. यातूनही हाती काही लागलं नाही, तर छापील प्रत घेऊन संशयित प्रकरण ओळीवर बोट ठेवून वाचायला दीड-दोन तास काढून ठेवा.